सत्तर ते ऐंशीमधली थरथर

गाडीचा काटा सत्तरच्या पुढे सरकला की माझ्या सीटखाली पिठाची गिरणी सुरू व्हायची. आधी तळपायांना मुंग्या, मग कंबरेला हादरे, मग डॅशबोर्डवर ठेवलेली कॅल्शियमची बाटली आपली आपण दाराकडे चालू लागायची. पंच्याऐंशीला थरथर जरा ओसरायची. पण मागे गायी उचलायची लोखंडी चौकट बांधलेली असताना शांतता मिळवण्यासाठी पंच्याऐंशीनं धावायचं, हा मला उपाय वाटत नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. राहते शहरात, प्रताप नगरात, पण माझे पेशंट राहतात हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथं प्लॉटांचे दगड संपतात आणि कपाशीची पऱ्हाटी सुरू होते, आणि तिथून पुढे उमरेडच्या वाटेवरच्या गावांत. पावसाळ्यात तिथली काळी माती साधी कार गिळून बसते. दोन वर्षं माझी कार बैलजोड्यांनी ओढून काढली. ज्या बैलाला सुई टोचायला गेलं त्यानंच आपल्याला चिखलातून काढावं, यात डॉक्टरची पत फारशी राहत नाही. म्हणून मी एका निवृत्त गृहस्थांकडून त्यांची जुनी, फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली. त्यांनी ती नीट ठेवली होती. तरी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी ती घराजवळच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला टाकली आणि जे जे निघेल ते सगळं करा म्हटलं. गाडी हातात आल्यावर पहिल्यांदाच हायवेला लागले, आणि गिरणी सुरू झाली.

साहजिकच मी जुन्या मालकांना फोन लावला.

"माझ्याकडे असताना असं काही नव्हतं हो, मॅडम," ते म्हणाले.

"सगळे विकणारे हेच म्हणतात," मी म्हटलं, आणि वर आणखी दोन वाक्यं बोलले, ती इथं लिहीत नाही. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी 'चोर सापडला' असा लावला.

मग गाडी त्याच गॅरेजला परत नेली. रविवार होता म्हणून नवरा सोबत आला. नवरा कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्याला स्कूटर येते. चारचाकीत तो ड्रायव्हरच्या बाजूनं कधीच बसलेला नाही, आणि बॉनेट कुठलं अन् डिकी कुठली हे तो गाडी कुठल्या दिशेला जाते त्यावरून ओळखतो.

गॅरेजमालक पन्नाशीचा, शर्टाला कधी ग्रीस न लागलेला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. कधी होतं, कुठे जाणवतं, गिअर बदलला तरी जात नाही, ब्रेक दाबला तर वाढत नाही. पेशंटची माहिती मालकाकडून कशी काढायची हे मला ठाऊक होतं, त्यामुळे आपण नीट सांगतोय याचा थोडा गर्वही होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "सर, प्रॉब्लेम काय आहे नेमका?"

नवरा दचकला. "ही सांगतेय ना. व्हायब्रेशन आहे."

"किती स्पीडले?"

"किती स्पीडला गं?" नवऱ्यानं मला विचारलं.

"सत्तर ते ऐंशी," मी दोघांच्या मधल्या हवेला सांगितलं.

"सत्तर ते ऐंशी," नवऱ्यानं मालकाला सांगितलं. मालकानं मान डोलावली. आता कुठे त्याला कळलं होतं.

तो गाडी घेऊन गेला. शेजारच्या सिमेंट रोडवर, संध्याकाळच्या गर्दीत, चाळिसाच्या वर काही ती गेली नसावी. परत आला तो हसतच. "गाडी तर एकदम मक्खन आहे, सर. सिमेंट रोड आहेत ना सगळे, त्याचे जॉइंट लागतात. अन् मॅडमचा पाय क्लचवर राहत असंन. लेडीज ड्रायव्हिंगमध्ये होते तसं." मग गाडीकडे पाहत म्हणाला, "अन् समोर काही बांधलं नाही का तुम्ही? लिंबू-मिरची?"

"आमच्यात बांधत नाहीत," मी म्हटलं. डॅशबोर्डवर आईनं चिकटवलेली बुद्धाची छोटी मूर्ती होती. त्यानं ती पाहिली, "अच्छा, अच्छा," म्हणाला, आणि बिघाडाचं कारण सापडल्यासारखा चेहरा केला.

दुसरा तज्ज्ञ अलाइनमेंटवाला. त्याच्याकडे यंत्र होतं, म्हणजे त्याला बोलायची गरज नव्हती. चारही चाकांना त्यानं चकचकीत तबकड्या लावल्या, पडद्यावर लाल आकडे आले, ते त्यानं पाना फिरवून हिरवे केले. चाकं बॅलन्स केली, रिमला शिशाचे तुकडे ठोकले. मी उमरेड रोडला नेऊन पाहिली. आकडे हिरवे होते, सीट तशीच हलत होती. परत गेले तर तो म्हणाला, मग टायर असतील. टायर बदलले. नव्या टायरांवर जुनी थरथर जास्तच चांगली कळायला लागली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं. "यंत्र सांगून राहिलं की गाडी ठीक आहे, मग आता मी यंत्राशी भांडू का?"

दरम्यान नवऱ्याला या प्रकरणात गोडी वाटू लागली. सगळे तज्ज्ञ त्याच्याशीच बोलत असल्यामुळे त्याच्याकडे शब्द साठत गेले होते. एका लग्नात, पंगतीत माझ्या शेजारी बसून तो पलीकडच्या माणसाला सांगत होता, "मला वाटतं सस्पेन्शनचा इश्यू असावा. आम्ही अलाइनमेंट तर करून घेतलं." मी वडाभाताचा घास तसाच गिळला.

तिसरे तज्ज्ञ आमच्याच कॉलनीतले निवृत्त इंजिनीअर. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या पाइपांचं काम केलेलं, पण इंजिनीअर एकदा झाला की तो सगळ्यांचा इंजिनीअर. त्यांच्या मोबाइलमध्ये थरथर मोजणारं काहीतरी होतं. मोबाइल डॅशबोर्डवर चिकटवून ते पुढे बसले, नवरा मागे, आणि मी चालवत होते. पंचाहत्तरला मोबाइलवर वेडीवाकडी रेघ उठली. इंजिनीअर खूश झाले. मान मागे वळवून त्यांनी नवऱ्याला समजावलं, "हे पाहा सर, हा रेझोनन्स. प्रत्येक वस्तूची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते."

"मग उपाय काय?" मी विचारलं.

"सोपा आहे, सर," ते नवऱ्याला म्हणाले. "सत्तर ते ऐंशीच्या मध्ये चालवूच नका."

हा सल्ला मी माझ्या धंद्यात वापरून पाहायला हवा होता. बैल लंगडतो का? मग चालवू नका. त्यांना मी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सल्ला पाळलाही. दुसरा मार्गच नव्हता. तेव्हापासून मी साठनं गाडी हाकू लागले. एकदा उमरेडकडच्या गावातून अडलेल्या म्हशीसाठी बोलावणं आलं आणि मी साठनंच पोचले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मी वेळेत असते तर ते जगलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण रस्ताभर माझं लक्ष म्हशीऐवजी काट्यावर होतं, हे मात्र खरं. त्या घरातला म्हातारा परत निघताना म्हणाला, "गाडी तं मोठी घेतली डॉक्टरीनबाईनं."

नंतरच्या आठवड्यात हुडकेश्वरपलीकडच्या एका दूधवाल्या घरी तिसऱ्यांदा गेले. सहा गायी, एक ट्रॅक्टर, दोन भाऊ. थोरला भाऊ शहरात नोकरीला, गोठा बघायची त्याची बायको, आणि डॉक्टरशी बोलायचा धाकटा दीर. एक गाय खात नव्हती, दूध आटलं होतं. दीर म्हणाला अपचन. मी दोनदा अपचनाचं औषध दिलं होतं. तिसऱ्या वेळीही तो म्हणाला, "तसंच चालू आहे, मॅडम," आणि मी पुन्हा औषध बदलून लिहून दिलं. भावजय बाजूला शेणाची पाटी घेऊन उभी होती. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "मी येतो वं तुमच्यासंगं मेडिकलपर्यंत. औषध घेऊन येतो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात, येतो, जातो.

ती शेजारी बसली. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि घाईत माझा काटा पंचाहत्तरवर गेला. गिरणी सुरू झाली. तिनं आधी दाराची दांडी धरली, मग सोडली, आणि हात सीटखाली घालून थोडा वेळ तसाच ठेवला.

"गाडी काहून कापून राहिली?"

"माहीत नाही. तीन महिने झाले. कोणालाच सापडत नाही."

"रेसवरचा पाय सोडा बरं."

सोडला. थरथर बसली.

"आता द्या."

दिला. सीट पुन्हा हलायला लागली. आणि काटा या सगळ्यात जेमतेम दोन-तीन आकडे खाली आला होता. तीन महिने मी वेगाला दोष देत होते. थरथर सुरू झाली की घाबरून पाय सोडायचे, थरथर थांबायची, आणि मी म्हणायचे, पाहा, वेग कमी केला की जाते. दोष नुसत्या वेगात नव्हता. त्या वेगात इंजिन जोर लावायचं तेव्हाच गाडी कापायची.

"हँडलात नाई हाय," ती म्हणाली. "बुडाखाली हाय. आमच्या माती फोडायच्या रोटावेटरचं असंच झालं होतं. ट्रॅक्टरच्या मागं जो दांडा फिरते ना, त्याच्या दोनी टोकाले कान असते. दोनी कान एका सरळीत पायजेत. देरानं दांडा साफ करायले काढला अन् बसवला तं एक कान उभा, एक आडवा. अख्खा ट्रॅक्टर कापे. चार दिवस मेकॅनिक आणून राहिला तो. मंग म्या खाली वाकून पाह्यलं."

"मग?"

"मंग काय? काढला अन् सरळ घातला."

"दीर काय म्हणाले?"

"तो म्हणे, मले मालूमच होतं."

मी हसले. ती हसली नाही. समोर बघत म्हणाली, "गाईचं बी तुमी त्यालेच इचारता. तो तं सकाळी उठतच नाई. हौदावर मी नेतो तिले. उतारावर चालली की कण्हते, वापस येतानी चढावर नाई कण्हत. बसतानी बी कण्हते. तुमी मले इचारलंच नाई."

उतारावर कण्हणारी गाय म्हणजे पोटात गेलेली तार किंवा खिळा. उतारावर पोटातलं सगळं पुढे सरकतं आणि ते टोक टोचतं. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, परीक्षेत विचारतात, आणि मी ते बरोबर लिहिलं होतं. तीन भेटींत मी गाईची रोजची चाल बघणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. त्याऐवजी बाजेवर बसून मोबाइल बघणाऱ्या माणसाशी मी सविस्तर चर्चा केली होती. गॅरेजवाल्याचा मला जो राग होता, तो त्या क्षणी कुठे ठेवावा ते कळेना.

मेडिकलला गेलोच नाही. गाडी तिथंच वळवली. गाईच्या घशातून, तार धरून ठेवणारं चुंबक पोटात सोडलं, इंजेक्शनं दिली, आणि पुढचे पाय उंचावर राहतील असा मातीचा ओटा करायला सांगितलं. सांगितलं भावजयीला. दीर मध्येच म्हणाला, "मले तं पहिलेच शंका होती, मॅडम." भावजयीनं माझ्याकडे पाहिलं, आणि फावडं त्याच्या हातात दिलं. पंधरा दिवसांत गाय चाऱ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरले. मधून मागच्या चाकांकडे एक लांब लोखंडी शाफ्ट जातो, इंजिनाचा जोर तो मागे पोचवतो. दोन्ही टोकांना तसेच कान, आणि त्यांत क्रॉस नावाचे सांधे. पुढचे कान उभे होते. मागचे कान जरासे कलते, कोणी मान वाकडी करून ऐकतंय तसे. आणि बाकी सगळं लोखंड जुनं, मळकं असताना क्रॉस दोन्ही नवे कोरे, चकाकत होते. ते कोणी बदलले हे मला माहीत होतं. सर्व्हिसिंगनंतर गाडी देताना गॅरेजमालकानं माझ्या शेजारी उभ्या नवऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "क्रॉस पण नवे टाकून दिले, सर."

मी त्याच्याकडे गेले नाही. आधी पक्की खात्री करायची होती. लकडगंजात लाकडाच्या ट्रकांचे शाफ्ट दुरुस्त करणारे एक वयस्क फिटर आहेत असं मला औषधाच्या ठोक व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. सॉ-मिलच्या बाजूला उघडी शेड, आणि भुशानं माखलेले हे गृहस्थ. नवरा सोबत होता. फिटरनं दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "चालवते कोण?"

"मी."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही तिथं बसा, साहेब."

नवरा एका लाकडाच्या ओंडक्यावर जाऊन बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला एवढं हलकं वाटलं.

मी पाय सोडला की थांबतं हे सांगितलं, कानांचं सांगितलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. "डोळ्याचं खरं मानू नये," म्हणाले. "फोर व्हील आहे ना ही? मग मागचा शाफ्ट काढून घेतो, अन् नुसत्या पुढच्या चाकांवर पळवून पाहू. शाफ्ट इथं राहीन. थरथरही इथंच राहते का आपल्यासोबत येते, समजते."

चार बोल्ट खोलून त्यांनी शाफ्ट शेडमध्ये काढून ठेवला. गिअरचा छोटा दांडा चार चाकांवर टाकला आणि आम्ही भंडारा रोडला लागलो. आता पुढची चाकं गाडी ओढत होती, मागची नुसती घरंगळत होती. साठ. सत्तर. पंचाहत्तरला माझे खांदे सवयीनं आवळले गेले. ऐंशी. काही नाही. फिटर म्हणाले, "बस, फिरवा."

शेडमध्ये त्यांनी डिझेलच्या चिंधीनं शाफ्ट पुसला. ग्रीसच्या थराखालून दोन छोटे बाण निघाले. एक शाफ्टवर, एक त्यात खाचांवरून सरकून बसणाऱ्या दुसऱ्या तुकड्यावर. कंपनीनं ते समोरासमोर ठेवायला कोरलेले असतात. आमचे तीन खाचा चुकलेले होते.

"बाण पाहिले नाहीत त्यानं," फिटर म्हणाले. "ग्रीस पुसायला एक मिनिट लागते. तेवढा टाइम नसते लोकांजवळ." शाफ्ट ओढला, फिरवला, बाण जुळवले, परत घातला. बोल्ट आवळले. वीस मिनिटं. हात पुसताना त्यांनी विचारलं, "हे कानांचं तुम्हाले कोणी सांगितलं?"

"माझ्या एका पेशंटच्या मालकिणीनं."

"हुशार बाई आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कामाला लागले.

घरी आल्यावर मी जुन्या मालकांना फोन केला. चूक माझी होती, गाडी तुमच्याकडे ठीकच होती, मी वाट्टेल ते बोलले, माफ करा, असं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या हो. ते म्हणाले, "ठीक आहे." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. माफ न करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

गॅरेजवर मात्र मी गेले, नवऱ्यालाही मुद्दाम घेऊन गेले. मोबाइलमध्ये बाणांचे फोटो होते, आधीचे आणि नंतरचे. मालकानं ते बोटानं मोठे करून पाहिले, परत छोटे केले, आणि नवऱ्याला म्हणाला, "मी तर तुम्हाले पहिलेच म्हटलं होतं सर, शाफ्टचा काही तरी प्रॉब्लेम वाटून राहिला."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "मला काय सांगता?" तो म्हणाला. "मला तर शाफ्ट म्हणजे काय हे परवा कळलं. गाडी तिची आहे. चूक तुमची आहे. तिला सांगा."

हे वाक्य तीन महिने आधी आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण आलं. मालक काहीतरी पुटपुटला. त्यात 'सॉरी' होतं की 'सर' होतं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

रॅम्पवर कुणाची तरी दुसरी पिकअप उभी होती. तिचा शाफ्ट खाली जमिनीवर काढून ठेवलेला, दोन तुकड्यांत, ग्रीसनं माखलेला. जवळ एक पिकल्या मिशांचा मेकॅनिक उकिडवा बसून नवे क्रॉस ठोकत होता. मी त्याच्याकडून चिंधी मागितली, ग्रीस पुसली, आणि बाण सापडेपर्यंत पुसत राहिले. मग भिंतीजवळ पडलेला खडू उचलून दोन्ही तुकड्यांवर बाणापाशी एक-एक जाड पांढरी रेघ ओढली.

मेकॅनिकनं मालकाकडे पाहिलं. मालक फोनवर बोलत होता. मेकॅनिक हळूच म्हणाला, "इकडे पण मारून द्या, मॅडम," आणि पलीकडे ठेवलेला पुढच्या चाकांचा शाफ्ट त्यानं माझ्याकडे सरकवला.